पांढऱ्या पेशी कमी आल्या, तर घाबरायचं कधी आणि धावायचं कधी?

पावसाळा सुरू झाला की मुंबईत तापाबरोबर सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे, रिपोर्टही घराघरांत येतात, आणि लाल शाईतला एखादा आकडा सगळ्या घराची झोप उडवतो. गेल्या महिन्यात पांढऱ्या पेशींबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतल्या सहा प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. कुणाला नुसता धीर हवा आहे, तर कुणी आजच तयारी करून ठेवायला हवी. हा फरक ओळखता यावा म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या ऑफिसच्या वार्षिक तपासणीत टीएलसी ३,४०० आला आहे. रिपोर्टवर लाल खूण आहे. त्यांना काहीच त्रास नाही. आता बाहेर जाणं, लोकलचा प्रवास बंद करायचा का? (ठाणे)

नाही. प्रवास चालू राहू द्या. आधी रिपोर्ट नीट वाचायला हवा.

टीएलसी म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशींची बेरीज. प्रौढ माणसात ती साधारण ४,००० ते ११,००० असते. या बेरजेत पाच प्रकारच्या पेशी येतात. जंतूंशी, म्हणजे मुख्यतः बॅक्टेरिया आणि बुरशीशी, पहिल्यांदा झुंजतात त्या न्यूट्रोफिल. त्यामुळे संसर्गाचा धोका किती, हे बेरजेवरून ठरत नाही. न्यूट्रोफिलच्या प्रत्यक्ष संख्येवरून ठरतं. हिशोब सोपा आहे : टीएलसीला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणा आणि १०० ने भागा. तुमच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ६२ टक्के आहेत. ३,४०० चे ६२ टक्के म्हणजे २,१०८. ही संख्या १,५०० च्या वर असली की ठीक मानतात.

उलटं उदाहरणही लक्षात ठेवा. टीएलसी ४,६०० आहे, त्याला लाल खूण नाही, पण न्यूट्रोफिल फक्त १८ टक्के आहेत. संख्या झाली ८२८. हा रिपोर्ट वरवर चांगला दिसतो, पण काळजी याचीच करायला हवी. पहिली ओळ बघून कागद फाईलमध्ये ठेवला की नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते.

१,००० ते १,५०० म्हणजे सौम्य कमतरता. एरवी धडधाकट माणसाला यात सहसा काही होत नाही. ५०० ते १,००० मध्यम. ५०० च्या खाली तीव्र, आणि १०० च्या खाली गेली तर धोका फारच वाढतो. १९६६ साली अमेरिकेत ल्युकेमियाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हे आकड्यांनिशी दिसलं होतं. संख्या किती खाली गेली याइतकंच ती किती दिवस खाली राहिली हेही महत्त्वाचं, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. तीन दिवस ४०० असणं आणि तीन आठवडे ४०० असणं यांत फार अंतर आहे.

एककाकडेही बघा. काही लॅब ३,४०० छापतात, काही ३.४ छापून शेजारी ‘हजार’ अशा अर्थाचं एकक देतात. दोन्ही एकच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘काउंट तीनवर आला’ म्हणून घाबरलेली माणसं कमी नाहीत.

सीबीसी दोन ते चार आठवड्यांनी, ताप-सर्दी नसताना, त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. साधा व्हायरल ताप येऊन गेला तरी काउंट काही दिवस खाली राहतो. नमुना तासन्‌तास पिशवीत पडून राहिला, किंवा जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पेशींच्या गुठळ्या झाल्या, तरी मशीन कमी मोजतं. म्हणून दुसऱ्या वेळी रक्ताची काचपट्टी, म्हणजे पेरिफेरल स्मिअर, पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी बघावी असं सांगा. पुन्हा कमीच आला तर बी-१२, फॉलिक ॲसिड, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, पोटाची सोनोग्राफी, आणि चालू गोळ्यांची पूर्ण यादी यांवर फॅमिली डॉक्टर विचार करतील. शाकाहारी घरात बी-१२ आधी तपासावं. त्याच्या कमतरतेने पांढऱ्या, लाल पेशी आणि प्लेटलेट, तिन्ही खाली येऊ शकतात, आणि इंजेक्शनांनी ते भरून येतं.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर दोन आठवडे थांबू नका. न्यूट्रोफिल १,००० च्या खाली असतील, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही कमी असतील, रिपोर्टमध्ये ‘ब्लास्ट’ किंवा अपक्व पेशी असा शब्द असेल, किंवा माणसाला वारंवार तोंड येणं, गळवं होणं, वजन उतरणं, गाठी असं काही असेल, तर थेट रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. संख्या ५०० च्या खाली असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : आईची स्तनाच्या कॅन्सरची केमो परळला चालू आहे, दर २१ दिवसांनी. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री तिला १००.६ ताप आला. पॅरासिटामॉल दिलं, सकाळी उतरला. म्हणून डॉक्टरांना कळवलं नाही. बरोबर केलं ना? (डोंबिवली)

आई बरी आहे याचा आनंद आहे. पण पुढच्या वेळी असं करू नका. या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास ते एक दिवस टिकतात. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला मगज, रोज साधारण १०० अब्ज नव्या पेशी तयार करून ही झीज भरते. केमो मज्जेतल्या वेगाने वाढणाऱ्या पेशींनाही मारते, त्यामुळे पुरवठा तुटतो आणि सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास काउंट तळाला जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो परत वर येतो. पुढची केमो तीन आठवड्यांनी असते, त्याचं एक कारण हेच. म्हणजे आईचा ताप नेमका धोक्याच्या दिवसांत आला होता.

दुसरी गोष्ट घरच्यांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. लाली, सूज, पू, छातीत कफ ही संसर्गाची ओळखीची लक्षणं न्यूट्रोफिलच तयार करतात. त्या नसल्या की जखम लाल होत नाही, न्यूमोनियातही कफ जवळजवळ नसतो, एक्स-रेही सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. आतड्यातले आपलेच जंतू रक्तात उतरतात आणि बाहेर खूण म्हणून दिसतो तो फक्त ताप. पॅरासिटामॉलने तुम्ही ती एकमेव खूण झाकली. जंतू रक्तात असतील तर ते वाढतच राहतात, आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो.

तेव्हा नियम असा. तोंडात थर्मामीटर ठेवून एकदाच १०१ फॅरेनहाइट आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर तो आणीबाणीचा ताप. व्यवहारात १००.४ दिसताच फोन करावा. थंडी वाजून हुडहुडी भरली, घेरी आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, तर ताप नसला तरी निघा. वयस्कर माणसात आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांत ताप चढतच नाही असंही होतं.

मोजायचं कसं? डिजिटल थर्मामीटर घ्या, तो फक्त आईसाठी ठेवा. चहा किंवा पाणी प्यायल्यावर १५ मिनिटं थांबा. जिभेखाली ठेवून बीप वाजेपर्यंत तोंड बंद. काखेत मोजलेला ताप तोंडापेक्षा कमी येतो, त्यावर भिस्त ठेवू नका. गुदद्वारातून मात्र कधीच मोजू नका. तिथली नाजूक त्वचा फाटली तर जंतूंना वाट मिळते. एनिमा आणि गुदद्वारात ठेवायच्या गोळ्याही याच कारणाने टाळायच्या. बद्धकोष्ठ असेल तर पोटातून घ्यायचं औषध डॉक्टरांकडून आधीच मागून ठेवा. कुठलंही तापाचं किंवा दुखण्याचं औषध देण्यापूर्वी आधी ताप मोजून लिहा.

फोनवर एवढंच सांगा : कॅन्सर कोणता, शेवटची केमो कोणत्या तारखेला, आज कितवा दिवस, ताप किती आणि कधीपासून, पोर्ट किंवा पिक लाइन (केमोसाठी शिरेत कायम ठेवलेली नळी) आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी. हे एका कार्डावर लिहून औषधांच्या डब्यात आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे आणि ताप आहे’ हेच हवं. नुसतं ‘ताप आहे’ म्हटलंत तर पावसाळ्यात रांगेत बसवतील.

तिथे काय व्हायला हवं तेही माहीत असू द्या. सीबीसी, रक्तात जंतू आहेत का हे बघायला दोन ठिकाणांहून ब्लड कल्चर (पोर्ट असेल तर एक त्यातून), किडनी-लिव्हरच्या तपासण्या, आणि पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस. कल्चरसाठी रक्त आधी घ्यायचं, पण त्याच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. तो यायला दोन-तीन दिवस लागतात. तपासून धोका कमी वाटला तर काहींना तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर घरी पाठवतात. तो निर्णय तिथल्या डॉक्टरांचा; घरी उरलेलं अँटिबायोटिक आपणहून सुरू करणं हा त्याला पर्याय नाही.

आता डोंबिवली ते परळ. रात्री दोनला, पाऊस चालू असताना, हे अंतर फार मोठं आहे. म्हणून पुढच्या केमोच्या दिवशीच तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा : ‘रात्री ताप आला तर घराजवळच्या कोणत्या हॉस्पिटलात पहिला डोस घ्यायचा?’ जिथे रात्री सीबीसी होते, कल्चर घेतात आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात, असं एक ठिकाण आधी जाऊन बघून ठेवा. पहिला डोस तिथे, मग गरज पडली तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावून परळ. गावाहून येऊन दादर-परळच्या धर्मशाळेत उतरलेल्या कुटुंबांचं एका अर्थी बरं असतं, हॉस्पिटल जवळ असतं. पण केमो झाल्यावर लगेच सांगली किंवा अकोल्याला परतणाऱ्यांनी गावाजवळचं ठिकाण आधी ठरवल्याशिवाय गाडीत बसू नये.

प्रश्न : केमोनंतर काउंट वाढवायची इंजेक्शनं दिली आहेत. परळहून कल्याणला नेताना बर्फात ठेवली. चालतात ना? आणि दोन इंजेक्शनांनंतर काउंट छान आला, मग उरलेली टाळली तर? (कल्याण)

बर्फाला चिकटून ठेवली असतील तर केमिस्टला किंवा वॉर्डातल्या सिस्टरना दाखवून विचारा. ही इंजेक्शनं (फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम) २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असतात. गोठलेलं वापरू नये. आइस पॅक आणि खोका यांच्यामध्ये जाड टॉवेल घाला. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, फ्रीजरखालीही नको. टोचण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढा, हलवू नका.

फिलग्रास्टिम रोज टोचतात, सहसा वजनाच्या किलोमागे ५ मायक्रोग्रॅम या हिशोबाने. पेगफिलग्रास्टिम एका केमोमागे एकदाच, ६ मिलिग्रॅम. दोन्ही इंजेक्शनं केमो संपल्यावर किमान २४ तासांनी. लवकर टोचलं तर नुकत्याच जाग्या झालेल्या पेशी केमोच्या तावडीत सापडतात.

उरलेली टाळू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत काउंट उसळतो, कारण मज्जेत साठलेल्या पेशी बाहेर ढकलल्या जातात. तो खरा सुधार नसतो. तळ त्यानंतर येतो. किती दिवस घ्यायची हे लिहून दिलं असेल तितके दिवस घ्या. कंबर, मांड्या, छातीचं हाड दुखतं. मज्जा कामाला लागल्याचं ते दुखणं. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली तर मात्र लगेच कळवा. क्वचित प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) सुजते, फाटूही शकते.

प्रश्न : केमोच्या पेशंटला दही, फळं, कोशिंबीर सगळं बंद करायला सांगतात. मग खायचं काय? आणि गुळवेल, पपईच्या पानांचा रस दिला तर काउंट वाढेल का? (गिरगाव)

सरसकट सगळं कच्चं बंद करण्याचा जुना आहार आता मागे पडला आहे. त्याने संसर्ग कमी होतात असं अभ्यासांत दिसलं नाही. उलट माणूस कमी जेवतो आणि अशक्त होतो. भर द्यायचा तो स्वच्छतेवर. फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, घरीच सोला, लगेच खा. केळं, मोसंबं, पपई उत्तम. पाणी खळखळून उकळून झाकून ठेवा. मोडाची उसळ पूर्ण शिजलेली चालेल, कच्चे मोड नकोत. अंडं घट्ट उकडलेलं, मासे आणि चिकन पूर्ण शिजवलेलं. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत खाऊन संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा आणि वाफ येईपर्यंत गरम करा. ऑफिसला जाणाऱ्याच्या डब्यातला दुपारी दोनचा भात या नियमात बसत नाही. दही तापवलेल्या दुधाचं, घरी ताजं लावलेलं बहुतेक डॉक्टर चालवून घेतात. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल नकोत. आणि काउंट खाली असेपर्यंत पाणीपुरी, गोळा, उसाचा रस, गाडीवरची हिरवी चटणी आणि कापून ठेवलेली फळं पूर्ण बंद. यात सवलत नाही.

गुळवेल आणि पपईच्या रसाने न्यूट्रोफिल वाढतात याला आधार नाही. २०२१ साली मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी केमोच्या काळात यकृतावर आधीच भार असतो, आणि मिक्सरमधून काढलेला कच्च्या पानांचा रस जंतूंच्या दृष्टीनेही सुरक्षित नाही. देऊ नका.

तोंडाची निगा मात्र रोज. मऊ ब्रश, आणि दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या : ग्लासभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा. तोंड आलं की जंतूंना रक्तात उतरायला तिथूनही वाट मिळते.

प्रश्न : घरात दीड दिवसाचा गणपती आहे आणि त्याच आठवड्यात वडिलांचा काउंट खाली असणार. इमारतीची दुरुस्तीही चालू आहे. गणपती आणू नये का? (लालबाग)

आणा. वडिलांची खोली वेगळी ठेवा आणि दर्शनाला येणाऱ्यांना आधीच फोन करून सांगा : खोकला, ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल त्यांनी या वर्षी लांबूनच नमस्कार करावा. वडिलांनी आरतीला गर्दी नसताना, मास्क लावून यावं. दारात हात धुण्याची सोय सगळ्यांसाठी. विसर्जनाची मिरवणूक आणि मंडळाची रांग मात्र त्यांना नको.

निर्माल्य आणि फुलदाणीतलं शिळं पाणी त्यांनी हाताळू नये. दुरुस्तीची धूळ हा खरा त्रास आहे : फोडलेल्या प्लास्टरमधून बुरशीचे बीजाणू उडतात, आणि काउंट बरेच दिवस खाली असेल तर फुप्फुसात बुरशी धरते. त्या बाजूच्या खिडक्या बंद, ओल्या फडक्याने पुसणं, झाडू नको, बाहेर जिन्यातून जाताना एन-९५ मास्क. ग्रिलवरची कबुतरांची घाण दुसऱ्या कुणीतरी, आधी पाणी मारून, मग काढावी. तुंबलेल्या पाण्यातून चालायची वेळ आलीच तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ७२ तासांच्या आत ती घ्यायची असते, पण केमोच्या पेशंटने आपल्या मनाने नाही.

घरच्या सगळ्यांनी फ्लूची लस टोचून घ्यावी. नातवंडांच्या लसी थांबवू नका. बाळाला तोंडाने पोलिओ किंवा रोटाव्हायरसचा डोस दिला असेल तर काही आठवडे त्याचं लंगोट आजोबांनी बदलू नये, आणि बदलणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. आजोबांना स्वतःला जिवंत जंतूंची कुठलीही लस नको.

प्रश्न : थायरॉइड वाढला म्हणून दीड महिन्यापासून कार्बिमॅझोल घेते. ‘घसा दुखला की गोळी बंद करून सीबीसी करा’ असं डॉक्टर म्हणाले. पावसात घसा सगळ्यांचाच दुखतो. दर वेळी बंद करायची? मुलीलाही डेंग्यू झाला तेव्हा काउंट २,२०० होता, तिला तर कुणी काही बंद करायला सांगितलं नाही. (बोरिवली)

दोन्ही ठिकाणी काउंट कमी, पण कारण वेगळं आणि धोकाही वेगळा.

डेंग्यूत विषाणूमुळे मज्जेचं काम काही दिवस मंदावतं. काउंट तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उतरतो आणि आठवड्याभरात आपोआप सावरतो. अनेकदा प्लेटलेटच्या आधी पांढऱ्या पेशी वर येतात. इतक्या थोड्या दिवसांत दुसरा संसर्ग सहसा होत नाही. तिथे लक्ष ठेवायचं ते ताप उतरताना : पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा तगमग, लघवी कमी होणं. यांतलं काहीही दिसलं तर हॉस्पिटल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन बंद, मच्छरदाणी चालू.

तुमची गोष्ट निराळी. कार्बिमॅझोल घेणाऱ्या हजारांपैकी साधारण दोन ते पाच जणांत न्यूट्रोफिल अचानक ५०० च्या खाली, कधी जवळजवळ शून्यावर जातात. बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. तुम्ही त्याच काळात आहात. गेल्या आठवड्यातला चांगला रिपोर्ट इथे उपयोगाचा नाही, कारण ही घसरण काही दिवसांत होते. गोळी चालू राहिली तर पेशी मरत राहतात. म्हणून होय, ताप, घसादुखी किंवा तोंडात व्रण यांपैकी एकही झालं तर दर वेळी गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी करायची. न्यूट्रोफिल ठीक निघाले की डॉक्टरांना विचारून गोळी परत सुरू. एक-दोन डोस चुकल्याने थायरॉइडचं फारसं बिघडत नाही. संख्या १,००० च्या खाली निघाली तर गोळी पुन्हा घ्यायची नाही. ५०० च्या खाली आणि ताप असेल तर लगेच भरती. एकदा असं झालं की कार्बिमॅझोल आणि त्याच गटातली औषधं पुन्हा कधीच घ्यायची नाहीत, हे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

घरात आणखी कुणी क्लोझापिन, ॲझाथायोप्रिन, सल्फासालाझिन घेत असेल तर त्यांनाही हाच नियम, आणि ठरलेल्या तारखांच्या सीबीसी चुकवू नयेत. क्लोझापिनला सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला. संधिवाताच्या मेथोट्रेक्झेटबाबत एक चूक वारंवार होते : आठवड्यातून एकदाची गोळी रोज घेतली जाते, आणि मज्जा बंद पडते. पाकिटावर वार लिहा, ‘फक्त सोमवार’ असं. आणि चुकून रोज घेतली गेली असेल तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता, पाकीट बरोबर घेऊन, त्याच दिवशी हॉस्पिटलात जा. त्यावर उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिड देतात, आणि ते जितकं लवकर मिळेल तितका त्याचा उपयोग जास्त.